जर्मनच्या टोपावर नाव कसं घालायचं?

कडावला आमच्या गटाची भांडी हळदीला, लग्नाला भाड्याने जातात. एका मांडवात दोन-तीन ठिकाणचे टोप आले, की आपला जाड टोप दुसरीकडे जातो आणि पातळ पत्र्याचा आपल्याकडे येतो. भांडणार कोणाशी? नाव हवंच.

ऑइलपेंट चुलीपुढे आणि तारेच्या घासणीपुढे टिकत नाही. खिळ्याने ओढलेली रेघ आज चकाकते, पण जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, मऊ. घासून घासून ती जाते. राहिली छिन्नी-हातोडी आणि भांडेवाल्याकडचं विजेचं मशीन. आज्यांच्या पितळी डब्यांवर टिंबाटिंबांनी ठोकलेली नावं आपण अजून वाचतो. जाड टोपाला आम्हीही तेच करतो, फक्त आतून लाकडाचा ओंडका धरतो, नाहीतर पोचा येतो. पातळ परातीला मशीनच बरं. त्याचं टोक थरथरत कोरतं, पत्रा वाकत नाही. जोर न देता दोनदा फिरवायला सांगा.

कॉस्टिक सोड्याने अक्षरं उठवायचा उद्योग घरी नकोच. त्याने जर्मन खदखदतं आणि पेट घेणारा वायू निघतो.

नाव बाहेरून, काठाखाली घाला. बुडाला काजळी धरते, आत खरकटं अडकतं. गटाचं लांबलचक नाव कशाला? दोन अक्षरं आणि भांड्याचा नंबर पुरे. तोच नंबर वहीत, भांडी नेणाऱ्याच्या सहीसमोर.