चरित्र कुणाला, चित्र कुणाला?



संमेलनाच्या अध्यक्षाने भाषेच्या प्रकृतीची विचारपूस करावी, सरकारकडे दोन मागण्या कराव्यात आणि टाळ्या पदरात घेऊन खाली बसावं, अशी आपली रीत आहे. आज ती बाजूला ठेवणार आहे. मला भांडायचं आहे, आणि सरकारशी नंतर, आधी आपल्याशीच. आपण मराठी लिहिणारी माणसं आपल्या काळातल्या चित्रकारांबद्दल जे लिहितो, त्याविरुद्ध माझी तक्रार आहे. काही चित्रकारांच्या वाट्याला आपण नुसती चित्रं देतो आणि त्यांच्या आयुष्याची दंतकथा करून टाकतो. उरलेल्यांच्या वाट्याला नुसतं आयुष्य देतो, आणि त्यांच्या चित्रांसमोर पाच मिनिटंही उभे राहत नाही. कुणाला चित्र मिळणार आणि कुणाला चरित्र, हे ठरवताना जात, गाव आणि बाजारभाव यांचा हात असतो. ही वाटणी अन्यायाची आहे, आणि ती लेखणीने झाली आहे. म्हणून तिचा हिशेब इथेच द्यायला हवा.

वासुदेव गायतोंडे घ्या. 1924 साली नागपुरात जन्म, वाढले गिरगावच्या चाळीत, 1948 साली जे. जे. मधून पदविका, 2001 साली मृत्यू. त्यांच्यावरचे मराठी लेख वाचले तर या माणसाला भाडं भरावं लागत नसे आणि भूकही लागत नसे, असंच वाटेल. मौन, झेन, एकांत, दिल्लीच्या निजामुद्दीनमधली बरसाती आणि बंद दार, एवढ्या भांडवलावर आपले लेख चालतात. सतीश नाईक यांनी 'चिन्ह' या कलाविषयक नियतकालिकातून केलेल्या कामासारखे अपवाद आहेत, पण ते अपवादच. वर्षाला मोजके कॅनव्हास रंगवणारा माणूस जगतो कसा, हा साधा प्रश्न आपल्याला पडत नाही. त्याचं उत्तर काही गूढ नाही. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटने अनेक चित्रकारांना, नाटकवाल्यांना आणि संगीतकारांना नाममात्र भाड्यात जागा दिली होती, त्यांत गायतोंडे होते. 1964 मध्ये त्यांना रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्कला गेले. स्वस्त जागा, शिष्यवृत्ती, वाट पाहायला तयार असलेले मूठभर ग्राहक, यांच्या आधारावर ती संथ गती उभी होती. 1984 मध्ये त्यांना अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास कित्येक वर्षं थांबले. आपण तेही मौनाच्या खात्यात जमा केलं! शरीराला झालेल्या इजेला साधना म्हणायचं, ही भक्ती असेल, पण समीक्षा नव्हे. आणि एवढं करून चित्रांबद्दल तरी बोलतो का? रोलरने रंग पसरवणं, पॅलेट नाइफने तो खरवडणं, कागदाच्या तुकड्यांनी रंग ठेवणं आणि उचलणं, थरावर थर चढताना खालचा उजेड राखणं, या कामाचं वर्णन आपल्या किती लेखांत सापडतं? ध्यानाचं वर्णन मात्र मुबलक.

आता दुसरं टोक पाहा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे. 1934 चा जन्म, 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार, 2009 मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री, 2018 मध्ये निधन. त्यांच्याबद्दलचा मराठी मजकूर ठरलेला आहे. सात वर्षांचे असताना आई गेली, बोलणं थांबलं, मुलगा धुळीत बोटाने चित्रं काढू लागला, मग शहरातून कुणीतरी आलं आणि जगाला एक आदिवासी कलावंत सापडला. गोष्ट खरी आहे, पण तिथेच आपण का थांबतो? मश्यांच्या एका चित्रात माशांचं जाळं जवळजवळ सगळा कागद व्यापतं. रेषा इतक्या बारीक आणि दाट की जाळं हलतंय असं वाटावं. तारपा नाचाचं त्यांचं वेटोळं पाहा. क्षितिजाचा आधार न घेता शेकडो आकृत्या फिरवायच्या आणि डोळ्याला मध्यावर खेचून न्यायचं, ही रचनेची अवघड अडचण आहे. तिच्याशी माणूस आयुष्यभर झटला. 2003 मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचं प्रदर्शन झालं. लाँग चालत जातो आणि जमिनीवर रेषा उमटवतो, तर आपण त्याला विचार म्हणतो. मशे कागदावर रेषा ओढतात, तर ती परंपरा. विचार करण्याचा हक्कही आपण असा वाटून टाकला आहे.

वारलीच्या बाबतीत दंतकथेने आणखी एक काम केलं. लग्नाचा चौक लिहिणं हे मुळात सवाशिणींचं काम. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुजारीण, गाते, बायका तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर पालघट देवी मांडतात. चित्र कागदावर आलं, त्याला दर आला, आणि नावं बहुतेक पुरुषांची झाली. यात मश्यांचा दोष नाही. पण पहिला चित्रकार कोण, याच्या गौरवगाथा लिहिताना आपण हजारो चौक लिहिणाऱ्या बायकांना निनावी लोककला करून टाकलं, ही आपली कामगिरी. 2014 मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतरही नगरपालिकेची भिंत, बँकेची दिनदर्शिका, लग्नपत्रिका, साडीचा काठ सगळीकडे वारली आहे, आणि चित्रकाराचं नाव शोधून सापडत नाही. ज्या जे. जे.च्या चित्रकाराने आधी मिथिलेत आणि मग वारली पाड्यांवर कागद-रंग पोहोचवले, त्या भास्कर कुलकर्णींचं 1983 मध्ये निधन झालं. त्यांची आठवण तरी आपल्याला कुठे आहे? गायतोंड्यांच्या गूढात ते बसत नाहीत आणि मश्यांच्या गोष्टीत ते नुसते 'शहरातून आलेले कुणीतरी' असतात.

यावर पहिला आक्षेप माहीत आहे, तो प्रतिष्ठित आहे. चित्र पाहावं, चित्रकाराचं घरभाडं कशाला मोजावं? रंग-रेषेला जात नसते, पगारपत्रक नसतं. हे म्हणणाऱ्यांना प्रभाकर बरव्यांचं नाव पुढे करायला आवडतं, कारण 'कोरा कॅनव्हास' लिहिणाऱ्या या माणसाने चित्राच्या आतल्या व्यवहाराइतकी बारीक चौकशी मराठीत दुसऱ्या कशाची केली नाही. मग बरव्यांबद्दलच बोलू. ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, आधी बनारसला, नंतर मुंबईला. हातमागासाठी नक्षीची कामं करण्याची ही सरकारी नोकरी. तिने देशभरच्या किती चित्रकारांना महिन्याचा पगार दिला, याचा इतिहास कुणीतरी मराठीत लिहायला हवा. बनारसच्या वास्तव्यातच तंत्रसाधनेतली चिन्हं त्यांच्या चित्रांत शिरली. पुढे घराच्या दारं-खिडक्यांना लावतात तो एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर वापरला आणि त्याच्या थंड, सपाट चकाकीत पान, घड्याळ, सफरचंद अधांतरी ठेवलं. नोकरीने त्यांची चित्रं घडवली, असं माझं म्हणणं नाही. नोकरी, गाव आणि हाताशी असलेला रंग यांच्याशी त्यांनी काय केलं ते पाहिल्याशिवाय चित्र पुरतं दिसत नाही, एवढंच. 2019 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांच्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत होते. स्थानिक चित्रकारांच्या सल्लागार समित्या गेल्या आणि निर्णय दिल्लीकडे चालले, हा विषय त्यांनी काढताच त्यांना मध्येच अडवण्यात आलं. म्हणणं असं की प्रसंग बरव्यांचा आहे, बरव्यांवर बोला. पण सार्वजनिक संस्थेच्या पगारावर उमेदीची वर्षं काढलेल्या चित्रकाराच्या प्रदर्शनात सार्वजनिक संस्थेबद्दल बोलणं विषयांतर कसं? 'चित्रावर बोला' हे वाक्य किती सोयीने वापरता येतं, ते त्या संध्याकाळी दिसलं.

दुसरा आक्षेप पहिल्याच्या उलट आहे आणि मला तो जास्त वजनदार वाटतो. दलित, आदिवासी, कामगार घरांतून आलेले चित्रकार म्हणतात की आमचं आयुष्य आमच्या गळ्यात पाटी अडकवल्यासारखं अडकवू नका. त्यांचं बरोबर आहे. अकोल्याच्या दलित कुटुंबातून आलेले अंबादास खोब्रागडे आयुष्यभर अमूर्त चित्रं काढत राहिले. 1963 च्या 'ग्रुप 1890' या चित्रकारांच्या गटात ते होते. पुढे नॉर्वेत राहिले आणि 2012 मध्ये तिथेच वारले. त्यांच्या चित्रांत विषय शोधणाऱ्याला काही सापडत नाही. सापडतात ते एकमेकांना ढकलत वाहणारे रंगाचे फटकारे. त्यांचं चरित्र सहानुभूतीच्या लेखाला उपयोगी पडेना आणि त्यांची चित्रं अध्यात्माच्या लेखात मावेनात, म्हणून आपण त्यांना दोन्ही खात्यांतून वगळलं. उलट प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, 1986 चा जन्म, घरची माणसं कोळसा खाणीत राबलेली. खाणकामगाराच्या घरचा मुलगा कोळशाने चित्रं काढतो, या एका वाक्यावर आपले लेख आटोपतात. त्यांची माणसं पाहा. डोक्याच्या जागी दिवा, यंत्र, घर. प्रदर्शन संपलं की पुसली जाणारी भिंतभर कोळशाची चित्रं. विकता येत नाही असं चित्र काढणं हाही एक निर्णय असतो. 2021 मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार त्यांना इतर पाच जणांसह विभागून मिळाला. वेल्स हाही कोळशाचाच मुलूख. तिथल्या खाणकामगारांच्या इतिहासाशी त्यांनी सास्ती जोडून पाहिली. म्हणजे चरित्र त्यांनी स्वतःच कच्चा माल म्हणून वापरलं. आपण मात्र तो माल गोदामातूनच वाचकाला विकतो, आणि कारखान्यात काय घडलं ते पाहायला जात नाही. म्हणून माझं मागणं सोपं आहे. गायतोंड्यांचं घरभाडं विचारा आणि मश्यांची रचना विचारा. दोघांना दोन्ही प्रश्न विचारा. सवर्ण चित्रकाराला जात नसते आणि आदिवासी चित्रकाराला शैली नसते, हा समज मोडायचा असेल तर दुसरा उपाय मला दिसत नाही.

हलाखीतूनच कला जन्मते, हे म्हणणारेही आहेत. त्यांच्यावर मी फार वेळ घालवणार नाही. सुधीर पटवर्धन ठाण्यात तीसेक वर्षं रेडिओलॉजिस्ट होते. क्ष-किरण चित्रं पाहून झाली की कॅनव्हास. विक्रीवर चूल अवलंबून नसल्यामुळे इराणी हॉटेलात बसलेला एकटा माणूस, उल्हासनगर, लोअर परळ हे विषय त्यांना हवे तितके दिवस हाताळता आले. वर 2008 च्या सुमारास देशातल्या समकालीन चित्रांचं प्रदर्शन घेऊन ते महाराष्ट्रातल्या शहरांत फिरले. उपाशी माणसाला हे जमलं नसतं.

तिसरा आक्षेप आपल्या मांडवातला आहे, की हे साहित्याचं व्यासपीठ आहे. ठीक. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी 'दीपावली' अंक काढला आणि मुखपृष्ठांनी मराठी पुस्तकाला चेहरा दिला. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत अभियंता म्हणून नोकरी करत आणि उरलेल्या वेळात पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांना रेषा पुरवत. आपली वाचनाची आठवणच या मंडळींनी रंगवली आहे. त्यांना आपण मोबदला काय दिला? लेखकाचा करार होतो, मुखपृष्ठकाराचा बहुतेकदा फोन होतो. मूळ चित्र परत द्यायचं असतं, हेही अनेकांच्या गावी नसतं. आणि आता तर मुखपृष्ठ यंत्राकडून फुकटात काढून घेऊन आतल्या पानांवर अभिव्यक्तीच्या संकटाबद्दल अग्रलेख छापता येतो.

राहिला बाजार. लिलावात कोटींच्या बोली लागतात, मग रडता कशाला, असं विचारलं जातं. गायतोंड्यांचं चित्र 2013 मध्ये मुंबईत 23 कोटींहून अधिक किमतीला गेलं, 2021 मध्ये दुसरं एक जवळजवळ 40 कोटींना. तोवर चित्रकार जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आपल्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने कलम 53 अ आलं. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर निर्मात्याला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागण्याचा हक्क आहे. कमाल मर्यादा दहा टक्के. म्हणजे 40 कोटींवर चार कोटींपर्यंत. फ्रान्सने हा हक्क 1920 मध्ये दिला आणि तिथे तो चालतो. आपल्याकडे तो कागदावर झोपलेला आहे, कारण वाटा ठरवून घ्यायला कुणी संबंधित यंत्रणेच्या दारात जात नाही आणि विक्रीची माहिती सांगायला कुणी बांधलेलं नाही. विशेष म्हणजे त्याच कलमात साहित्यकृतीच्या मूळ हस्तलिखिताचाही समावेश आहे. म्हणजे हे कलम या मांडवात बसलेल्या प्रत्येकाचं आहे.

तेव्हा उद्याच्या खुल्या अधिवेशनात माझ्याकडून दोन ठराव येतील. पहिला शासनासाठी. कलम 53 अ प्रत्यक्षात यावं म्हणून लिलावगृहांना आणि दालनांना पुनर्विक्रीची नोंद उघड करायला लावावी, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. दुसरा आपल्यासाठी. या संमेलनाशी जोडलेल्या प्रत्येक प्रकाशकाने मुखपृष्ठकाराशी लेखी करार करावा, त्यात मानधन, पुनर्वापराचा दर आणि मूळ चित्राची मालकी लिहावी, आणि वारली आकृत्या छापणाऱ्याने त्या काढणाऱ्या व्यक्तीचं नाव छापावं. पहिला ठराव एकमताने मंजूर होईल, याबद्दल मला शंका नाही. दुसऱ्याला ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो नावानिशी नोंदवावा. उत्तर द्यायला मी तिथे हजर असेन.