जात्यावरील ओवी

परभणी जिल्ह्यातील गोदातीरीचे गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या या दासीसवे साक्षात् विठ्ठल दळू लागे, अशी लोकश्रद्धा आहे. कष्टकऱ्यांच्या आळीत ती सोबत शेजारीण करी. पहाटे दोघी खुंट्याला हात लावीत. जाते फिरे तसतशी माहेराची, भावाची, सासुरवासाची ओवी निघे. पुढे पिठाची गिरणी आली आणि दंडांचे दुखणे सरले. ते परत यावे असे कोणती स्त्री म्हणेल? परंतु मन मोकळे करण्याची ती हक्काची घटकाही त्यासवे गेली. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ व त्यांचे सहकारी यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस १ लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेविल्या. म्हणूनच या अनाम कवयित्रींचा शब्द आज उरला आहे.