तलवारीची राणी आणि बाईचा स्वभाव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



समुपदेशनाच्या कामात एक वाक्य मी सतत ऐकते, ‘ताई, माझा स्वभावच असा आहे.’ मार सोसणारी हे म्हणते, भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही करणारीही म्हणते. म्हणून स्वभावाचे साचे कोण बनवतं, हे आपण तपासलं पाहिजे. आज त्यासाठी टॅरोच्या पत्त्यांचं उदाहरण घेते. शहरातल्या कित्येक शिकलेल्या मुली हे पत्ते भविष्यासाठीच नव्हे, तर ‘मी कशी आहे’ हे कळावं म्हणूनही काढतात.

टॅरो हा मूळचा पत्त्यांचा खेळ, पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला. त्याला गूढ अर्थ चिकटले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये. एकूण पानं ७८. त्यांतली २२ मोठी. उरलेल्या ५६ पानांचे चार रंग : पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी. प्रत्येक रंगात राजा, राणी, घोडेस्वार आणि सेवक, म्हणजे माणसांची १६ पानं.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मनाचे चार व्यापार मांडले : विचार, भावना, संवेदना आणि अंतःप्रेरणा. त्यांच्या मांडणीवरून अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची लेक इझाबेल मायर्स यांनी १६ व्यक्तिमत्त्व-प्रकारांची चाचणी तयार केली. पुढे टॅरोवाल्यांनी सांगड घातली. पेला म्हणजे भावना, तलवार म्हणजे विचार, नाणं म्हणजे संवेदना, काठी म्हणजे अंतःप्रेरणा. माणसांची पानं १६, प्रकारही १६!

पण आकडे जुळले म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं वर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला. तो किती अचूक आहे, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले! मोघम आणि थोडं गोड बोललं की प्रत्येकाला ते आपलंच वाटतं.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. आज सर्वांत प्रसिद्ध असलेला संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिची. संच ओळखला गेला तो प्रकाशक रायडर आणि वेट यांच्या नावानं. चित्रकर्तीचं नाव कित्येक दशकं त्यात नव्हतं. वेट यांनी पानांचे अर्थही लिहिले. तलवारीचा राजा म्हणजे न्यायनिवाडा, हुकूम, अधिकार. आणि तलवारीची राणी? वैधव्य, दुःख, वांझपण, ताटातूट! तलवार तीच. पुरुषाच्या हातात ती सत्ता होते, बाईच्या हातात शिक्षा. डोकं चालवणारी बाई एकटी पडते, ही धमकी आपल्याला काही नवीन नाही.

ही चित्रं आकाशातून पडलेली नाहीत, ती माणसांनी काढली आहेत. म्हणून ती बदलताही येतात. कॅलिफोर्नियातल्या विकी नोबल आणि कॅरन व्होगेल या दोघींनी स्त्रीवादी दृष्टीनं ‘मदरपीस’ नावाचा गोल पत्त्यांचा संच केला. तो १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यातून राजा-राणी गेले, आणि मुलगी, मुलगा, पुजारीण आल्या.

गटात चित्रं वापरायला माझा विरोध नाही. न बोलणारी बाई चित्राकडे बोट दाखवून बोलू लागते. पण ‘तू पेल्याची राणी, तू भावनाप्रधान’ असा शिक्का मारून थांबू नका. तिला विचारा, हा स्वभाव तुला कुणी शिकवला? त्याचा फायदा कुणाला होतो? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तो देताना कायद्यानं तिचा स्वभाव विचारला नाही. मग हक्कसोडपत्र पुढे करणाऱ्यांनी तरी ‘आमची ताई मायाळू आहे’ असं का म्हणावं?