आषाढातला मुक्काम



बर्फाच्या मुलखात स्थायिक झालेले आपले आप्त हिवाळ्यात दूरध्वनीवरून सांगतात, की रात्रभर हिमवृष्टी चालू आहे, दाराशी गुडघाभर बर्फ साचले आहे, आता सोमवारपर्यंत घरातच मुक्काम, म्हणून सकाळपासून पुरण शिजत ठेवले आहे आणि कपाटे उपसायला काढली आहेत. ठाणे, कल्याण, डोंबिवली या आपल्या गावांत बर्फ पडत नाही. परंतु माणसाला घरात बसवून ठेवणारा एक महिना आपल्याही वाट्याला आलेला आहे, आणि तो आषाढ होय.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ती 16 एप्रिल 1853 रोजी. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले, आणि इकडच्या माणसाचे उठणे, जेवणे, निजणे हळूहळू गाडीच्या वेळेला बांधले गेले. एकतीस वर्षांच्या चाकरीत मी माझे डोंबिवलीतले घर दिवसाउजेडी फार थोडे पाहिले. सकाळची गाडी गाठायची म्हणून दिवा लावून निघायचे आणि रात्री दिवा लागलेल्या घरात परत यायचे, असा तो क्रम होता; सुटीचा दिवस आला तर तो लग्नकार्ये, भेटीगाठी आणि बँकेची कामे यांत खर्ची पडे.

2019 सालच्या जुलै महिन्याची 27 तारीख हा चौथा शनिवार, म्हणजे सरकारी कचेऱ्यांच्या सुटीचा दिवस होता, आणि नेरळला बहिणीकडे जाण्याचा आमचा बेत ठरलेला होता. परंतु शुक्रवारपासून पावसाने असा जोर धरला, की सह्याद्रीच्या उतारावरचे सारे पाणी घेऊन उल्हास नदी पात्राबाहेर आली, आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या वेढ्यात सापडली. गाडीत सुमारे 1050 उतारू होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल आणि आसपासचे गावकरी यांनी शनिवारी दुपारपर्यंत त्या सर्वांना सुखरूप बाहेर काढले. कर्जतकडची वाहतूक अर्थातच बंद होती. सकाळीच बहिणीचा फोन आला, “दादा, निघू नकोस. रूळच दिसत नाहीयेत.” भरलेली पिशवी रिकामी झाली आणि दोन दिवसांची एक अनपेक्षित रजा आमच्या पदरात पडली.

आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. तिथे पाणी शिरण्याचे भय नव्हते, आणि ते नव्हते म्हणूनच त्या दोन दिवसांविषयी मी आज समाधानाने बोलू शकतो. 26 जुलै 2005 च्या पावसात, ज्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटरची नोंद झाली, त्या वेळी कल्याणच्या सखल भागातल्या एका नातलगाकडे आम्ही चिखल उपसायला गेलो होतो. फुगलेली दारे, पाणी पिऊन जड झालेल्या गाद्या, तांदळाच्या डब्यात शिरलेला गाळ, हे ज्याने हाताने उपसले आहे त्याला पावसाळी घराचे कौतुक सांगताना नदीकाठच्या घरांचा विसर पडणे शक्य नाही.

त्या शनिवारी भाजी आली नाही. मुरबाड, टिटवाळा, वासिंद या बाजूंनी टाकळा, कंटोली, भारंगी घेऊन स्टेशनाबाहेर बसणाऱ्या बायकांना येणे कसे शक्य होते? परंतु आईने, म्हणजे माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आईने, गुरुवारी रात्रीच वाल भिजत घातले होते. पुढच्या सोळा प्रहरांची तजवीज मनात बाळगून वावरणाऱ्या त्या पिढीला बेगमी हा शब्द शिकवावा लागला नाही. पावसाळ्यापूर्वी गडावर धान्य, मीठ, तेल आणि सरपण यांचा साठा करणाऱ्या कारभाऱ्यांचा हा शब्द आमच्या स्वयंपाकघरांत फार अदबीने नांदला. चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळलेले पापड, कुरडया आणि सांडगे आषाढात डब्यांतून बाहेर निघत, ते त्याच्याच बळावर.

फडक्यात बांधून मोड आणलेले ते वाल कोमट पाण्यात घालून आम्ही चौघे, आई, पत्नी, मुलगी आणि मी, एका परातीभोवती बसलो. दाणा चिमटीत धरून मोडाच्या बाजूने हलकेच दाबला, की साल बोटांत राहते आणि शुभ्र डाळिंबी अलगद परातीत पडते; घाई केली की तिची दोन शकले होतात. पहिल्या अर्ध्या तासात माझ्यापुढे शकलांचाच ढीग होता. आईने तो पाहिला, काही न बोलता माझ्या हातातला एक दाणा घेतला, मोड वर करून धरला आणि सोलून दाखवला. मग मलाही जमू लागले. त्या वालांचे बिरडे ओले खोबरे, गूळ आणि आमसूल घालून झाले, आणि दुपारी दोन वाजता, बाहेर दिवे लावण्याइतका काळोख असताना, आम्ही ते गरम भातावर घेऊन जेवलो.

संध्याकाळी तळण निघाले. आषाढ तळण्याची आपली चाल जुनी आहे: तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून, वर खसखस लावून, शंकरपाळ्यांसारख्या तिरक्या कापलेल्या कापण्या. “आच मंद ठेव हं,” आई मुलीला सांगत होती, “गूळ आधी लाल होतो आणि पीठ मागून शिजतं.” हवेतल्या ओलीने मीठ पाझरते, पापड सर्दावतात, धान्याला सोंडे लागतात, अशा दिवसांत टिकेल आणि थंड पडलेल्या अंगाला ऊब देईल असा हा पदार्थ आहे. माझे मत असे आहे, की ज्या लोकांना वर्षातले कोणते दिवस घरात काढावे लागणार याची पक्की खात्री होती, त्यांनी ही कामे जाणून या महिन्याच्या नावे लिहून ठेवली. तळण आषाढात आणि दिवे घासणे आषाढाच्या शेवटी, ही वाटणी पावसाकडे पाहून झालेली आहे.

रविवारी वद्य एकादशी होती. आईचा उपास, म्हणून चुलीचे काम थोडके. दिव्याची आवस आठवड्याच्या आत आली होती. कामाला येणाऱ्या बाई पाण्यामुळे येऊ शकल्या नव्हत्या, तेव्हा दिवे घासण्याचे काम मी मागून घेतले. निरांजने, पंचारती, लामणदिवा आणि सर्वांत शेवटी मोठी समई. तिचे भाग आट्यांनी जोडलेले असतात. त्या आट्यांत वर्षाचे तेल आणि धूळ बसून मेणासारखी किटण झाली होती. ठाण्याचीच असलेली पितांबरी आमच्या घरात आहे, परंतु आईने चिंचेचा कोळ, मीठ आणि नारळाची शेंडी पुढे ठेवली. तासाभराने पितळेचा खरा रंग वर आला. मग बैठक उलटी करून घासताना बोटांना काही खडबडीत लागले. खिडकीशी नेऊन पाहिले, तर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे होती: माझ्या आजीचे नाव, त्याखाली कल्याण, आणि 1941 हे साल.

मी आईला विचारले, “हे तुला ठाऊक होतं?”

“पन्नास वर्षं घासतेय मी ती,” आई म्हणाली. “तू कधी उलटी करून बघितली नाहीस.”

मग तिने दिव्याच्या आवसेची कहाणी सांगितली. राजाची सून उंदरांवर आळ घेते, उंदीर तो तिच्यावर उलटवतात, आणि निर्दोष असताना ती घराबाहेर घालवली जाते. ती गेल्यावर राजवाड्यातले दिवे घासायला कोणी उरत नाही. अवसेच्या रात्री गावोगावचे दिवे झाडावर जमून आपापली हकीकत सांगतात, तेव्हा राजवाड्याचा दिवा आपली आबाळ सांगतो, आणि झाडाखाली बसलेला राजा ती ऐकतो. लहानपणी ही कहाणी मी बोलणाऱ्या दिव्यांसाठी ऐकत असे. त्या रविवारी मला ती घर राखणाऱ्या बाईची वाटली, जिचे काम ती गेल्यावाचून राजाच्या नजरेला आले नाही.

आई आता नाही. समई दरवर्षी मी घासतो, आणि आजीच्या नावाखाली तिचेही नाव कोरून घेतले आहे.

श्रोतेहो, यंदाची दिव्याची आवस जवळ आली आहे. ज्यांच्या घरी समई आहे, त्या घरांतल्या पुरुषमंडळींना माझी एवढीच विनंती आहे, की या वेळी ती आपल्या हाताने खाली उतरवावी, आणि घासण्यापूर्वी एकदा उलटी करून पाहावी.