सरकारी रानातली रांग
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



याच शाळेत मी भूगोलाचे नकाशे गिरवले आणि गिरवता गिरवता पुष्कळ चुकवले. आज पाहुणी म्हणून उभी राहताना संकोच वाटतो. सेक्रेटरी साहेबांनी बजावले आहे की, कामाविषयी बोला, उपदेश नको. तेव्हा कामाविषयीच बोलते.

माझे काम म्हणजे चार-पाच जणांची तुकडी घेऊन सरकारी रानात जमिनीकडे बघत चालणे. हे ऐकून माझी खाला म्हणाली होती, "त्यासाठी अमेरिकेला कशाला गेलीस? गुरे राखणारी पोरे हेच करतात." खालाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. रानात जुने काय सापडते हे पुष्कळदा गुराख्यालाच आधी ठाऊक असते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकून मी पुढील शिक्षणासाठी ॲरिझोना राज्यात गेले आणि नंतर तिथल्या एका खाजगी कंपनीत लागले. त्या देशाच्या वन खात्याकडे १५४ राष्ट्रीय अरण्ये, सुमारे १९ कोटी ३० लाख एकर जमीन आहे. १९६६ साली तेथे एक कायदा झाला. सरकारी पैशाने किंवा परवानगीने रस्ता, धरण, वृक्षतोड असे काहीही करण्यापूर्वी त्या जागच्या ऐतिहासिक अवशेषांना धक्का पोचेल काय, याचा विचार करणे बंधनकारक ठरले. विचार करायचा तर आधी कोणीतरी जाऊन पाहिले पाहिजे. आम्ही तेच करतो.

माझे रान कोकोनिनो नावाचे, फ्लॅगस्टाफ शहराभोवतीचे. समुद्रसपाटीपासून सात हजार फूट उंच, पाइन वृक्षांचे. शंभर वर्षे तिथला प्रत्येक वणवा विझवत गेल्यामुळे झाडी इतकी दाटली की, आता लागलेला वणवा आवरत नाही. म्हणून चार अरण्यांतील मिळून २४ लाख एकरांवर झाडी विरळ करण्याची योजना आखली गेली. यंत्रे यायच्या आधी आम्ही जायचे.

पद्धत साधी. माणसामाणसांत वीस मीटर अंतर ठेवून रांग धरायची, होकायंत्र लावून सरळ चालायचे. खापर, दगडी हत्याराची कपची किंवा ऑब्सिडियन नावाच्या काळ्या ज्वालामुखी काचेचा तुकडा दिसला, तर शेजारी तारेची छोटी झेंडी रोवायची. झेंड्या दाटल्या की थांबायचे. नकाशा काढायचा, मोजायचे, छायाचित्रे घ्यायची. वस्तू उचलायची नाही, जिथे पडली आहे तिथेच ठेवायची. नव्या मुलांना हे फार जड जाते. हातात सुंदर बाणाचे टोक येते आणि परत मातीत ठेवावे लागते. गंजलेले पत्र्याचे डबेसुद्धा आम्ही मोजतो. डब्याचे झाकण कसे डागले आहे, यावरून लाकूडतोड्यांचा तळ कोणत्या काळातला हे कळते.

तुकडीप्रमुखाचे काम याहून निराळे. पहाटे गाडीचे चाक, पाण्याचे डबे, रेडिओ तपासायचा. रांगेचा वेग सर्वांत मंद माणसाच्या पायाने ठरवायचा. कोणाचे कोणाशी पटत नाही हे ओळखून त्यांना रांगेत लांब ठेवायचे. (लग्नघरात पंगती बसवणाऱ्या आमच्या मामींना हे काम सहज जमले असते.) जुलैत तिथे जो पाऊस येतो त्याला ते लोक 'मॉन्सून'च म्हणतात. कोकणातल्या मुलीला हसू येते. तासाभराची सर, की पुन्हा ऊन. पण त्या उंचीवरची वीज हसण्यासारखी नाही. गडगडाट ऐकताच उंच झाडांखालून निघून गाडीत बसायचे, हा नियम.

आता एक गोष्ट सांगते, माझ्याच चुकीची. प्रमुख म्हणून ती माझी पहिलीच वर्षे. दुपारी तीनला ढग आले. शेवटची फेरी उरली होती. रांगेच्या टोकाला एक नवा मुलगा होता. त्याच्या वाटेत ओकच्या झुडपांची दाट जाळी आली आणि तो तिला वळसा घालून पुढे गेला. मी ते पाहिले. त्याला हाक मारायला तोंड उघडले होते. पण वीज चमकली आणि मी म्हटले, "चला, निघू या." निघणे बरोबरच होते. चूक झाली ती संध्याकाळी तंबूत. रोजच्या वहीत मी त्या फेरीपुढे लिहिले, 'पूर्ण पाहिले. काही नाही.'

आमच्या धंद्यात 'काही नाही' हे शब्द फार महाग आहेत. सापडलेली जागा पुढे दहा माणसे तपासतात. न सापडलेली कोणी तपासत नाही, त्या कागदावरून सरळ यंत्र येते. त्या जाळीत काही असेल की नाही हे मला ठाऊक नव्हते आणि मी सही केली होती. लोकांची जमीन, अमानत म्हणून माझ्या हाती आलेली.

झोप लागली नाही. सकाळी तुकडीला सांगितले, "कालची ओळ मी खोटी लिहिली आहे. परत जायचे." अर्धा दिवस बुडाला. वरिष्ठांना रेडिओवर कळवले तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, "वहीतली ओळ खोडू नकोस. तिच्याखाली खरी लिही." जाळीत गुडघ्यांवर रांगत शिरलो. आत दगडांची एक बुटकी ओळ होती, बहुधा एखाद्या खोलीचा पाया. आणि करड्या-तांबूस खापरांचा सडा. त्या भागात इ. स. ६०० ते १४०० च्या सुमारास शेती करून राहिलेल्या लोकांची. आजचे होपी लोक त्यांना आपले पूर्वज मानतात. जवळच्याच झाडांना लाकडे रचण्याच्या जागेची रंगीत फीत बांधलेली होती. ती जागा पुढे हलवली गेली. तो मुलगा खापरांपाशी बसून राहिला, माझ्याकडे बघेना. मी त्याला काही बोलले नाही. बोलणार काय? सही माझी होती.

ती जागा नेमकी कुठे, हे मी सांगणार नाही. १९७९ च्या कायद्याने अशा जागांचा पत्ता गुप्त ठेवता येतो, कारण खापरे उकरून विकणारे टपलेले असतात.

पालक विचारतात, यात भाकरी आहे काय? आहे, पण हंगामी. हिवाळ्यात बर्फ पडले की पुष्कळांना घरी बसावे लागते. पदव्युत्तर पदवीवाचून फार वर जाता येत नाही. मुलींविषयी विचाराल, तर मला होकायंत्र धरायला शिकवणारी प्रमुख बाईच होती, आणि माझ्या तुकडीत निम्म्या मुली असत. माझ्या वालिदांनी पाच वर्षे नातेवाइकांचे प्रश्न झेलले, हेही येथे सांगितले पाहिजे; ते समोर बसले आहेत.

आपल्याकडेही हे काम होते. २०२२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तुकडीने मध्यप्रदेशातील बांधवगडचे व्याघ्र अरण्य पायी पाहिले. आधीची पाहणी १९३८ ची. वाघांच्या त्या रानात २६ लेणी आणि २४ ब्राह्मी लेख नोंदले गेले.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने उद्या सकाळी साडेसातला शाळेमागच्या माळावर आपण रांग धरणार आहोत. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी टोपी आणि पाण्याची बाटली आणावी. झेंड्या मी आणल्या आहेत. करवंदीची जाळी आहे तिथे. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, वळसा कोणालाही मिळणार नाही.