२२,३०० काय? किलो की पाउंड?

आजची गोष्ट एका विमानाची आहे, पण खरं तर एका गुणाकाराची आहे.

तारीख २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. विमानात ६९ माणसं. त्या काळात कॅनडा पाउंड सोडून किलोकडे वळत होता आणि कंपनीच्या ताफ्यात किलोवर चालणारी ही पहिलीच विमानं होती. बाकी सगळी अजून पाउंडवर.

त्यात इंधनाचे गेज बंद. मग टाकीत पट्टी घालून मोजलं : ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. आता लिटरचे किलो करायचे, तर साधारण ०.८ ने गुणायला हवं. पण सगळ्यांच्या सवयीचा आकडा होता १.७७. हा एका लिटरचं वजन पाउंडमध्ये सांगतो! गुणाकार केला, उत्तर आलं १३,५९७. सगळ्यांना वाटलं किलो. प्रत्यक्षात होते ते पाउंड, म्हणजे जेमतेम ६,२०० किलो.

भरायला हवं होतं सुमारे २०,००० लिटर. भरलं ५,००० सुद्धा नाही. कॉम्प्युटरमध्ये मात्र २२,३०० किलो टाकलं गेलं आणि त्याने ते निमूट मान्य केलं. ओटावाला पुन्हा मोजलं, पण पुन्हा त्याच १.७७ ने गुणलं. म्हणजे तपासणी दोनदा झाली आणि चूकही दोनदा झाली.

४१,००० फुटांवर इंधन संपत आलं. आधी एक इंजिन बंद, मग दुसरं. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवायची सवय होती, म्हणून निभावलं. त्यांनी विमान तरंगत नेऊन गिमली गावच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. तिथे त्या दिवशी गाड्यांच्या शर्यती चालू होत्या! तरीही सगळे वाचले. काहींना किरकोळ दुखापती झाल्या, बस्स.

मला यात सगळ्यात भीतीदायक काय वाटतं सांगू? गुणाकार चुकला नव्हता. गणित बरोबर, एकक चूक.

मी कोड लिहितो, त्यामुळे हे मला लागतं. एकदा मी एका सर्व्हिससाठी टाइमआउट ३० ठेवला. माझ्या डोक्यात सेकंद, लायब्ररीच्या डोक्यात मिलिसेकंद. एकही रिक्वेस्ट पूर्ण होईना आणि अख्खी दुपार आम्ही नेटवर्कला शिव्या घालत बसलो. तेव्हापासून मी व्हेरिएबलच्या नावातच एकक लिहितो.

१८७५ मध्ये पॅरिसला १७ देशांनी मीटर करारावर सह्या केल्या, त्या यासाठीच. मीटर फुटापेक्षा शहाणा आहे म्हणून नाही, तर माझा एक किलो आणि तुझा एक किलो सारखाच असावा म्हणून. आणि धोका सगळ्यात जास्त कधी? जुनं नवं एकत्र नांदतं तेव्हा. आपल्याकडे तोळा बघा ना. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण आज सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजीच्या दागिन्यांच्या वाटणीत हा फरक कुणाच्या तरी पदरात कमी पडतो.

म्हणून पुढच्या वेळी कुणी नुसता आकडा सांगितला, की लाजू नका. विचारा, "काय? किलो की पाउंड?"

भेटू पुढच्या भागात!