स्नायूंची वाढ आणि गावची तालीम

रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या ग्रामपंचायतीपुढे व्यायामशाळेचा विषय आला की चर्चा प्रथम यंत्रांच्या किमतीकडे वळते. वास्तविक स्नायूला यंत्र कळत नाही. कळतो तो ताण. जखमी सैनिकांवर उपचार करताना अमेरिकन डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी क्रमाक्रमाने वजन वाढविण्याची पद्धत 1945 साली मांडली. स्नायू पुरता थकेपर्यंत व्यायाम केल्यास हलक्या वजनानेही जवळजवळ तितकीच वाढ होते, असे पुढील संशोधनातून दिसून आले. शक्तिवर्धनासाठी मात्र जड वजनच अधिक उपयुक्त ठरते.

या कसोटीला आपले देशी व्यायाम उतरतात. जोरांनी छाती व दंड, बैठकांनी मांड्या, मल्लखांबाने पाठ व पकड बळकट होते. परंतु शंभर बैठका सहज निघू लागल्या की त्यांनी मुख्यतः दम वाढतो. अशा वेळी खांद्यावर वाळूची पिशवी घेणे इष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम सुचविला आहे. त्यास विश्रांतीची आणि डाळ, कुळीथ, मासळी अशा आहाराची जोड हवी.

किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजते. जाणता शिक्षक लाभल्यास तालीम टिकते. म्हणून निधीचा विचार करताना प्रथम शिक्षकाचा विचार व्हावा.